फ्लोअरप्लॅनमध्ये दोन व्होल्टेज: कागदावरची बचत चिपमध्ये का उतरत नाही

तुमच्या प्रश्नातली परिस्थिती आधी थोडक्यात मांडतो. आठ ब्लॉकची चिप ५०० मेगाहर्ट्झला चालते आणि सगळीकडे १ व्होल्ट पुरवठा दिला, तर तिची डायनॅमिक पॉवर (सिग्नल बदलताना खर्च होणारी वीज) १००० मिलिवॅट भरते. त्यात प्रोसेसर ३५०, त्याची कॅश १२०, व्हिडिओ २२०, इमेज १३०, मेमरी कंट्रोलर ८०, इंटरकनेक्ट ६०, ऑडिओ २५ आणि संथ पेरिफेरल १५ मिलिवॅट घेतात. व्हिडिओ, इमेज, ऑडिओ आणि पेरिफेरल या चार ब्लॉकना टायमिंगमध्ये स्लॅक (वेळेची शिल्लक) दिसला, म्हणून तुम्ही त्यांना ०.८ व्होल्ट ठरवून दिले आणि मगच फ्लोअरप्लॅन (चिपवर ब्लॉकच्या जागांची आखणी) करायला घेतला. कागदावर १४० मिलिवॅट वाचत होते. लेआउट झाल्यावर जेमतेम ५० वाचले, आणि व्हिडिओ ब्लॉक टायमिंगमध्ये नापास झाला. व्होल्टेज ठरवण्याची रीत चुकली की फ्लोअरप्लॅन चुकला, असे तुम्ही विचारले आहे.

माझ्या मते या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या, तिथेच चूक झाली. एखाद्या ब्लॉकला कमी व्होल्टेज परवडते की नाही, हे त्याच्या स्लॅकवर जितके अवलंबून असते तितकेच त्याच्या शेजारावर असते. तो कोणाच्या बाजूला बसला आहे, त्याच्या किती तारा दुसऱ्या व्होल्टेजच्या हद्दीत जातात, आणि त्याला वीज कोणत्या दिशेने येते, हे फ्लोअरप्लॅन झाल्याशिवाय कळत नाही. आणि फ्लोअरप्लॅन झाल्यावर कळून फारसा उपयोग नसतो, कारण तोवर जागा वाटून झालेल्या असतात.

तुमच्या १४० मिलिवॅटच्या हिशोबापासून सुरुवात करू. डायनॅमिक पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणून १ व्होल्टवरून ०.८ वर आल्यास ती ६४ टक्के उरते आणि ३६ टक्के वाचते. चार ब्लॉकचे मिळून ३९० मिलिवॅट होतात, त्याचे ३६ टक्के म्हणजे साधारण १४०. गणित बरोबर आहे. पण तुम्ही पुढे लिहिले आहे की ०.८ व्होल्टचा पुरवठा चिपवरच्याच लिनिअर रेग्युलेटरमधून, १ व्होल्टच्या रेलवरून (पुरवठ्याच्या तारेवरून) घेतला आहे. बचतीचा सर्वांत मोठा लचका इथेच तुटला. लिनिअर रेग्युलेटर जितका प्रवाह बाहेर देतो तितकाच आत ओढतो, मधल्या ०.२ व्होल्टची ऊर्जा उष्णता होऊन जाते. ब्लॉकचा प्रवाह व्होल्टेजच्या प्रमाणात घटतो, म्हणजे ८० टक्के उरतो, आणि तो प्रवाह १ व्होल्टच्या रेलवरूनच येत असल्यामुळे खरी बचत ३६ नव्हे, २० टक्के होते. ३९० चे २० टक्के म्हणजे ७८ मिलिवॅट. अशा रीतीने फ्लोअरप्लॅनचा एकही ब्लॉक हलायच्या आधीच ६२ मिलिवॅट गेले होते. वर्ग-नियमाचा पूर्ण लाभ हवा असेल तर कमी व्होल्टेज स्विचिंग रेग्युलेटरमधून यायला हवे, मग तो बोर्डावरच्या पॉवर मॅनेजमेंट चिपमध्ये असो वा प्रोसेसरच्याच पॅकेजमध्ये. इंटेलने २०१३ च्या हॅसवेलमध्ये स्विचिंग रेग्युलेटर प्रोसेसरबरोबर आत घेतला होता. त्याला लागणारे इंडक्टर आणि कपॅसिटर पाहिले की हा मार्ग प्रत्येकाला का परवडत नाही ते समजते. तुमच्या बोर्डावर एक जास्तीचा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारा स्विचिंग रेग्युलेटर) बसवणे शक्य आहे का, हे पॅकेज आणि बोर्ड सांभाळणाऱ्यांना आजच विचारा, कारण त्या उत्तरावर पुढचे सगळे बेत अवलंबून आहेत.

उरलेले साधारण २८ मिलिवॅट मात्र फ्लोअरप्लॅननेच खाल्ले, आणि ते कसे हे जरा सविस्तर पाहायला हवे.

तुमच्या आराखड्यात कमी व्होल्टेजचे चार ब्लॉक चार ठिकाणी विखुरले आहेत. ऑडिओ वायव्य कोपऱ्यात आहे, कारण त्याचे पॅड (बाहेरच्या जोडणीच्या जागा) तिथे आहेत. पेरिफेरल दक्षिणेला, व्हिडिओ पूर्वेला, आणि इमेज ब्लॉक कॅमेऱ्याच्या पॅडपाशी पश्चिमेला आहे. म्हणजे चार व्होल्टेज आयलंड, वेगळ्या व्होल्टेजची बेटे, झाले. प्रत्येक आयलंडभोवती मोकळी पट्टी सोडावी लागते, कारण ०.८ व्होल्टला बांधलेली एन-वेल (पी-ट्रान्झिस्टर ज्यात बसतात तो सिलिकॉनचा भाग) आणि १ व्होल्टला बांधलेली एन-वेल एकमेकींना टेकलेल्या चालत नाहीत. पट्टी किती रुंद हवी ते फाउंड्रीच्या (चिप बनवणाऱ्या कारखान्याच्या) नियमांत असते, पण तिची लांबी किती हे ठरवणे आपल्या हातात आहे. एका चौरस आयलंडचे त्याच क्षेत्रफळाचे दोन सारखे चौरस तुकडे केले, तर एकूण परीघ ४१ टक्क्यांनी वाढतो, आणि चार केले तर दुप्पट होतो. तुमचे चारही तुकडे सारखे नसल्यामुळे प्रत्यक्षात वाढ थोडी कमी असेल, पण दिशा तीच. परीघ वाढला की ब्लॉक एकमेकांपासून लांब जातात, तारा लांबतात, तारांवरचे बफर (सिग्नलला वाटेत जोर देणारी गेट) वाढतात, आणि हे बफर बहुतेक १ व्होल्टचेच असतात.

त्यात भर लेव्हल शिफ्टरची, म्हणजे सिग्नल एका व्होल्टेजवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या सेलची, पडते. ०.८ व्होल्टच्या ब्लॉकमधून निघालेला ‘एक’ जेव्हा १ व्होल्टच्या इन्व्हर्टरच्या गेटवर पोहोचतो, तेव्हा तिथला पी-ट्रान्झिस्टर पूर्ण बंद होत नाही. त्याच्या गेट आणि सोर्समध्ये ०.२ व्होल्टचा फरक शिल्लक राहतो, आणि सबथ्रेशोल्ड प्रवाह (बंद मानलेल्या ट्रान्झिस्टरमधून झिरपणारा) साधारण दर ७० ते १०० मिलिव्होल्टला दहापट होत असल्यामुळे गळती शंभरपट किंवा त्याहूनही अधिक वाढू शकते. शिवाय नॉइज मार्जिन कमी होते ते वेगळेच. म्हणून कमीकडून जास्तीकडे जाणाऱ्या प्रत्येक तारेवर लेव्हल शिफ्टर हवाच. उलट दिशेने, जास्तीकडून कमीकडे येताना तर्क चुकत नाही आणि साधा बफरही काम भागवतो, पण त्याचे टायमिंग त्या दोन व्होल्टेजच्या जोडीसाठी मोजलेले असावे लागते, म्हणून लायब्ररीतला त्यासाठीचाच सेल वापरावा असे मी सांगेन. वर चढवणाऱ्या शिफ्टरला दोन्ही पुरवठे लागतात. तो सहसा जास्त व्होल्टेजच्या हद्दीत बसवतात आणि कमी व्होल्टेजची रेल त्याच्यापर्यंत वेगळ्या तारेने नेतात. तो सेल कित्येकदा दोन ओळी उंचीचा असतो. अशा दोनतीनशे सेलची रांग एका कडेवर उभी करायची झाली, तर तिला जागा आधीच राखून ठेवावी लागते. नंतर शोधली तर सापडते ती नको त्या ठिकाणी.

आता व्हिडिओ ब्लॉक नापास का झाला ते पाहू. तुमच्या रिपोर्टप्रमाणे त्याचा सर्वांत लांब मार्ग १ व्होल्टवर १.५५ नॅनोसेकंदाचा होता आणि घड्याळाचा काळ २ नॅनोसेकंद आहे. व्होल्टेज कमी केल्यावर गेट किती मंदावते याचा अंदाज घ्यायला सकुराई आणि न्यूटन यांचे १९९० चे अल्फा-पॉवर सूत्र अजूनही पुरेसे आहे. विलंब हा व्होल्टेजला, व्होल्टेज वजा थ्रेशोल्ड (ट्रान्झिस्टर चालू होण्याचे व्होल्टेज) यांच्या अल्फाव्या घाताने भागल्यावर येणाऱ्या संख्येच्या प्रमाणात असतो. थ्रेशोल्ड ०.३ व्होल्ट आणि अल्फा १.३ धरले तर ०.९ व्होल्टला विलंब १० टक्के वाढतो, ०.८ ला २४ टक्के, ०.७ ला ४५ टक्के आणि ०.६ ला ८१ टक्के. याच टप्प्यांवर पॉवरची बचत १९, ३६, ५१ आणि ६४ टक्के असते. हे दोन क्रम शेजारी मांडून पाहा. पहिल्या ०.१ व्होल्टला १० टक्के वेग देऊन १९ टक्के पॉवर मिळते, तर ०.७ वरून ०.६ वर जाताना आणखी ३६ टक्के वेग मोजून केवळ १३ टक्के हाती येते. म्हणूनच, जितके खाली तितके चांगले, हा समज मला नवख्या चमूत दिसला की मी हे आकडे फळ्यावर लिहितो.

तर १.५५ चे १.२४ पट केले की १.९२ नॅनोसेकंद होतात आणि काळात ८० पिकोसेकंदच उरतात. सेटअपची गरज (घड्याळाच्या ठोक्याआधी डेटा स्थिर राहण्याचा वेळ) तुम्ही १.५५ मध्येच धरली आहे असे मी मानतो. हिशोबासाठी लेव्हल शिफ्टरचा विलंब ८० पिकोसेकंद धरला, तर तो एकटाच सगळी सवड खाऊन टाकतो, आणि व्हिडिओकडून मेमरी कंट्रोलरकडे जाणारी तार तर अजून मोजलेलीच नाही. तारेच्या स्वतःच्या रोध आणि धारितेचा विलंब व्होल्टेजने बदलत नाही, म्हणून सगळा मार्ग १.२४ ने गुणणे थोडे निराशावादी आहे हे खरे. पण तुमचा मेमरी कंट्रोलर उत्तरेला आणि व्हिडिओ पूर्वेच्या खालच्या टोकाला आहे, मधली तार लांब आहे, आणि तिने ती सूट केव्हाच संपवली आहे. ब्लॉकच्या आतला स्लॅक पाहून व्होल्टेज ठरवले, आणि तो स्लॅक खर्च झाला ब्लॉकच्या बाहेर.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण ती तुमच्या आराखड्यात दिसते. प्रोसेसरकडून इंटरकनेक्टकडे जाणाऱ्या काही लांब तारा इमेज ब्लॉकच्या वरून जातात. तार वरच्या धातूच्या थरातून जायला कोणाची हरकत नसते, पण ती लांब असल्यामुळे मध्ये बफर लागतो, आणि बफर बसवायचा तर खाली जमीन ०.८ व्होल्टची. साधा बफर बसवला तर सिग्नल मध्येच कमी व्होल्टेजवर उतरेल आणि पुढे पुन्हा शिफ्टर लागेल. दोन पुरवठ्यांचा बफर बसवला तर १ व्होल्टची रेल आयलंडच्या आत न्यावी लागेल. वळसा घालून नेली तर तार वाढेल. पुढे कधी इमेज ब्लॉक पूर्ण बंद करायचे ठरले, तर हाच प्रश्न आणखी टोकदार होतो, कारण बंद ब्लॉकमधला साधा बफरही बंदच होतो आणि दुसऱ्याचे सिग्नल अडवून बसतो. म्हणून कमी व्होल्टेजचे आयलंड चिपच्या कडेला किंवा कोपऱ्यात ठेवावे, मध्यभागी ठेवू नये. वाटसरूंचा रस्ता ज्याच्या अंगणातून जात नाही असे घर या कामाला बरे.

तुमच्या जागी मी असतो तर ऑडिओ आणि पेरिफेरल हे दोन्ही ब्लॉक सरळ १ व्होल्टवर परत नेले असते. त्यांचे मिळून ४० मिलिवॅट आहेत. रेग्युलेटर उत्तम असला तरी त्यांच्याकडून १४ मिलिवॅटच वाचतात, म्हणजे एकूण पॉवरच्या दीड टक्क्यापेक्षाही कमी. त्यासाठी दोन आयलंड, दोन मोकळ्या पट्ट्या आणि चिपच्या टोकापर्यंत दुसऱ्या व्होल्टेजची जाळी हा व्यवहार मला पटत नाही. बहुतेक वेळा एवढ्या छोट्या ब्लॉकचे क्लॉक गेटिंग (काम नसताना घड्याळ थांबवणे) नीट केले तर जवळपास तेवढेच मिळते, आणि जागा हलवावी लागत नाही.

व्हिडिओ आणि इमेज मात्र एकत्र आणावे. दोघांचे ३५० मिलिवॅट होतात आणि ०.८ व्होल्टवर १२६ मिलिवॅट वाचतात, म्हणजे तुमच्या मूळ अपेक्षेतला ९० टक्के वाटा या दोघांकडेच आहे. ते शेजारी बसले तर त्यांच्यातल्या तारांना शिफ्टर लागत नाहीत, आणि इमेजकडून व्हिडिओकडे बराच डेटा जात असेल असे तुमच्या ब्लॉक डायग्रामवरून वाटते. कॅमेऱ्याचे पॅड पश्चिमेला आहेत, म्हणून आयलंडही पश्चिमेच्या कडेला जाईल आणि व्हिडिओला पूर्वेकडून उचलून आणावे लागेल. मेमरी कंट्रोलर या आयलंडला लागून उत्तरेला असावा, म्हणजे सर्वांत रुंद बस हद्दीच्या एकाच कडेवरून ओलांडेल आणि शिफ्टरची रांग तिथेच उभी राहील.

टायमिंगसाठी दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे आयलंड ०.८५ व्होल्टवर ठेवणे. वरच्याच सूत्राने विलंब १६ टक्के वाढतो, व्हिडिओचा मार्ग १.८ नॅनोसेकंदाला येतो आणि जवळजवळ २०० पिकोसेकंद मोकळे राहतात. बचत मात्र २८ टक्क्यांवर, म्हणजे ९७ मिलिवॅटवर येते. दुसरा मार्ग ०.८ व्होल्टच ठेवून हद्दीच्या दोन्ही बाजूंना रजिस्टर घालण्याचा आहे, म्हणजे शिफ्टर आणि लांब तार यांना स्वतंत्र क्लॉक सायकल मिळते. व्हिडिओच्या डेटाला एकदोन सायकल उशीर झाल्याने काही बिघडत नाही, पण मेमरी कंट्रोलरशी असलेला हँडशेक आणि फिफोची (डेटाच्या रांगेची) खोली तपासावी लागेल. मी आधी दुसरा मार्ग तपासेन. आरटीएल (चिपच्या लॉजिकचे वर्णन) लिहिणाऱ्यांनी नकार दिला तर २९ मिलिवॅट सोडून पहिला घेईन, आणि त्यात कमीपणा मानणार नाही.

याआधी व्हिडिओ ब्लॉकच्या आतल्या एसरॅमकडे, म्हणजे मेमरीकडे, पाहा. एका प्रकल्पात आम्ही अख्खा ब्लॉक खालच्या व्होल्टेजवर नेण्याचा बेत पक्का केला, आणि महिनाभराने मेमरी कंपायलरच्या कागदपत्रांत दिसले की ते बिटसेल (एकेक बिट साठवणारे घटक) त्या व्होल्टेजला खात्रीने लिहिलेच जात नाहीत. चूक माझीच होती, पहिल्या दिवशी वाचायचे ते पान मी शेवटी वाचले. दोन रेलची मेमरी मिळत असेल तर तिचा ॲरे १ व्होल्टवर आणि भोवतालचे लॉजिक ०.८ वर चालवता येते. पण मग ॲरेची पॉवर वाचत नाही, ती १२६ मधून वजा करावी लागते, आणि १ व्होल्टची रेल आयलंडच्या आत आणावी लागते. अशा वेळी मेमरी मॅक्रो आयलंडच्या त्या कडेला ठेवावेत जिच्या पलीकडे १ व्होल्टची जाळी आहेच, म्हणजे रेल फार खोल शिरत नाही.

विजेच्या जाळीबद्दल नेहमी एक गैरसमज असतो, की कमी व्होल्टेजच्या आयलंडला प्रवाह कमी लागतो, म्हणून त्याची जाळी विरळ असली तरी चालेल. ५ टक्के घसरण चालते असे धरले तर १ व्होल्टला ५० मिलिव्होल्ट मिळतात आणि ०.८ ला ४०. प्रवाह २० टक्क्यांनी घटला आणि मुभाही २० टक्क्यांनीच घटली, तेव्हा जाळीला सूट काहीच मिळाली नाही. उलट थ्रेशोल्डच्या जवळ गेल्यामुळे तेवढ्याच मिलिव्होल्टच्या घसरणीने गेट जास्त मंदावते. शिवाय एकाच चिपवर दोन जाळ्या असल्या की बंपही (पॅकेजमधून चिपला वीज देणारे जोड) वाटून घ्यावे लागतात. कालव्याच्या टेलला बसलेल्या शेतकऱ्याची जी गत होते तीच बंपपासून लांब पडलेल्या आयलंडच्या आतल्या कोपऱ्याची होते. म्हणून आयलंडची जागा पक्की करताना ०.८ व्होल्टचे बंप नेमके त्याच्या डोक्यावर येतात का ते पॅकेजच्या नकाशावर ठेवून पाहा.

जागा आणि व्होल्टेज एकत्र ठरवायचे तर कोणत्या अल्गोरिदमने, असेही तुम्ही विचारले आहे. आठ ब्लॉकसाठी अल्गोरिदमचा एवढा विचार करायची गरज नाही. प्रोसेसर, कॅश, मेमरी कंट्रोलर आणि इंटरकनेक्ट यांचे व्होल्टेज ठरलेलेच आहे, उरलेल्या चार ब्लॉकना दोन पर्याय आहेत, म्हणजे एकूण १६ शक्यता. प्रत्येक शक्यतेसाठी फ्लोअरप्लॅनर चालवून तुलना करणे एका रात्रीचे काम आहे. ब्लॉक तीसचाळीस असतील तेव्हा मात्र शक्यता मोजून संपत नाहीत, आणि बी-स्टार ट्रीसारख्या (ब्लॉकच्या जागा झाडाच्या रूपात मांडणाऱ्या) रचनेवर सिम्युलेटेड ॲनिलिंग (यादृच्छिक बदल करत चांगला उपाय शोधण्याची रीत) चालवून प्रत्येक फेरीत जागेबरोबर व्होल्टेजही बदलू द्यावे लागते. त्या वेळी खर्चाच्या सूत्रात क्षेत्रफळ, तारेची लांबी आणि पॉवर यांच्या जोडीला हद्द ओलांडणाऱ्या सिग्नलची संख्या आणि आयलंडचा एकूण परीघ हे दोन घटक जरूर घाला. ब्लॉकच्या जोड्या मोजू नका, सिग्नल मोजा. ३०० तारांची बस आणि एका इंटरप्टची तार यांना सूत्रात सारखे वजन मिळालेले मी पाहिले आहे, आणि त्यातून निघालेला आराखडा कोणीही मान्य केला नाही.

शेजाराचा हा विचार काही नवा नाही. उसामी आणि होरोविट्झ यांनी १९९५ मध्ये गेटच्या पातळीवर दोन व्होल्टेजची जी रीत मांडली, तिच्यातही कमी व्होल्टेजची गेट एकत्र गोळा करून शिफ्टर फ्लिप-फ्लॉपपाशीच ठेवण्यावर भर होता. आयबीएमच्या अभियंत्यांनी २००२ मध्ये व्होल्टेज आयलंडची पद्धत मांडली ती ब्लॉकच्या पातळीवर. आकार बदलला, पण हद्द जितकी कमी तितके बरे, हे दोन्हींत समान आहे.

तिसरे व्होल्टेज घ्यावे का, या तुमच्या शेवटच्या प्रश्नाला माझे उत्तर नाही असे आहे. दोन पुरवठ्यांपैकी प्रत्येक स्वतंत्रपणे वर किंवा खाली सरकू शकतो, म्हणून हद्दीवरच्या मार्गांसाठी टायमिंगच्या चार जोड्या तपासाव्या लागतात, तीन पुरवठ्यांना त्या आठ होतात, आणि तापमान व प्रोसेसचे कोपरे त्यावर गुणले जातात. क्लॉक ट्रीचेही तसेच. ०.८ व्होल्टच्या बफरमधून जाणारे घड्याळ पुरवठा हलला की १ व्होल्टच्या घड्याळापेक्षा वेगळ्या प्रमाणात सरकते, आणि हद्दीवरचा होल्ड (ठोक्यानंतर डेटा टिकून राहण्याची अट) बिघडतो तो त्यामुळेच. तुमच्या चिपमध्ये तिसऱ्या व्होल्टेजने मिळण्यासारखे आहे ते ऑडिओ आणि पेरिफेरलमधलेच, आणि तिथे किती उरले आहे ते वर पाहिलेच.

व्होल्टेजच्या हद्दी आणि शिफ्टरचे नियम यूपीएफ (चिपच्या वीजपुरवठ्याची रचना लिहिण्याची भाषा) फाइलमध्ये आत्ताच लिहून घ्या, फ्लोअरप्लॅन गोठवण्याची वाट पाहू नका. ही भाषा २००९ पासून आयईईई १८०१ या नावाने प्रमाणित आहे आणि तुमची साधने ती वाचतात. फाइल लिहिल्यावर एकही ब्लॉक न हलवता हद्द ओलांडणाऱ्या तारांची यादी काढा. व्हिडिओ आणि इमेज मिळून बाहेर किती सिग्नल जातात, त्यातले मेमरी कंट्रोलरकडे किती आणि इंटरकनेक्टकडे किती, हे आकडे आणि बक कन्व्हर्टरबद्दल मिळालेले उत्तर पाठवा. त्यावरून शिफ्टरच्या रांगेला उत्तरेची एक कड पुरते की पूर्वेचीही लागते, ते सांगता येईल.